रहाट आणि पाऊस

तेरेसा हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या कलकत्त्याच्या मदर तेरेसा उभ्या राहतात. माझ्याही राहिल्या. तत्त्वज्ञानाच्या ट्यूटोरियलसाठी सरांनी मला ख्रिस्ती चिंतन-प्रार्थना आणि आपल्याकडचे ध्यान यांची तुलना हा विषय दिला आणि आविलाच्या तेरेसापासून सुरुवात करायला सांगितले, तेव्हा ग्रंथालयात मी आधी भलतीच पुस्तके काढून बसले. वसईच्या माझ्या एका मैत्रिणीने चूक दाखवून दिली. मदर तेरेसांनी आपले नाव घेतले ते फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या एका तरुण जोगिणीवरून. ती ज्या कार्मेल संघाच्या मठात राहिली, त्या संघाला नवे वळण लावणारी मूळ तेरेसा तिच्याही सुमारे तीनशे वर्षे आधीची, स्पेनमधील आविला गावची.

सरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ध्यान या शब्दाशी माझे त्या वेळी भांडण होते. दोन वर्षांपूर्वी ऐन परीक्षेच्या तोंडावर माझे वडील अचानक गेले. समाचाराला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण जाताना मला ध्यान करण्याचा सल्ला देऊन गेले. कुणी श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितले, कुणी भुवयांच्या मध्ये. मी पहाटे उठून बसू लागले. पाच मिनिटे होत न होत तोच दवाखान्याचा जिना आठवे, त्यांच्या चपलांचा जोड आठवे, न भरलेला परीक्षेचा अर्ज आठवे. मन शांत होण्याऐवजी अधिकच खवळे. दोन महिन्यांनी मी ते सोडून दिले आणि ही वाट आपल्यासाठी नाही अशी खूणगाठ बांधली. त्यामुळे हा विषय मी नाखुशीनेच हाती घेतला. तो हाती घेतल्याबद्दल आज मला बरे वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

तेरेसाविषयी मी एकेरी लिहिणार आहे. मुक्ताईला आणि जनीला आपण एकेरीच हाक मारतो.

२८ मार्च १५१५ रोजी तेरेसाचा जन्म झाला. आविला हे कास्तीलच्या उंच, कोरड्या पठारावरचे गाव. हिवाळा कडक, उन्हाळा रखरखीत. गावाभोवती सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा दगडी तट आहे आणि तो आजही उभा आहे. वडील दोन आलोन्सो सुखवस्तू गृहस्थ होते. आई दोन्या बेआत्रिझ ही त्यांची दुसरी पत्नी. तेरेसा धरून घरात तीन बहिणी आणि नऊ भाऊ होते. या घराण्याची एक गोष्ट झाकून ठेवलेली होती. तेरेसाचे आजोबा मूळचे ज्यू. ते ख्रिस्ती झाले, पण गुपचूप जुना धर्म पाळतात या आरोपावरून १४८५ मध्ये तोलेदो शहरात त्यांना प्रायश्चित्ताचा झगा घालून चर्चमागून चर्च फिरवण्यात आले होते. पुढे कुटुंब आविलाला आले आणि प्रतिष्ठित झाले. ही हकीकत अभ्यासकांना जुन्या कागदपत्रांत सापडली ती विसाव्या शतकात. ज्या समाजात रक्ताची शुद्धता विचारली जात होती, त्या समाजात ही मुलगी वाढली. पुढे आपल्या मठांत तिने कुळाच्या मोठेपणाला थारा दिला नाही, त्याचे मूळ मला इथे दिसते.

सात-आठ वर्षांची असताना तिने भाऊ रोद्रिगो याला बरोबर घेऊन घरातून पळ काढला. मूरांच्या देशात जावे, तिथे धर्मासाठी मान कापून घ्यावी आणि थेट स्वर्गात पोचावे, असा बेत होता. तटाबाहेर काकांनी दोघांना पकडून घरी आणले. मग अंगणात दगडांवर दगड रचून साधूच्या गुहा बांधण्याचा खेळ सुरू झाला, त्याही ढासळत. बारा-तेरा वर्षांची असताना आई गेली. आईमुळेच तिला वीरपुरुषांच्या अद्भुत कादंबऱ्यांचा नाद लागला होता. वडिलांची नजर चुकवून ती रात्र रात्र वाची. नटण्याची हौस होती, बोलणे गोड होते, माणसांना जिंकण्याची कला उपजत होती. वडिलांनी काळजीपोटी तिला काही काळ एका मठाच्या शाळेत ठेवले. विशीत, १५३५ मध्ये, वडिलांच्या मनाविरुद्ध ती गावाबाहेरच्या एन्कार्नासिओन या कार्मेल मठात दाखल झाली. घर सोडताना आपली हाडे निखळून पडत आहेत असे तिला वाटले, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. वैराग्य वगैरे काही दाटून आले नव्हते. लग्न करून बायकांचे काय होते ते तिने आईच्या बाबतीत पाहिले होते आणि नरकाची भीतीही वाटत होती.

मठात गेल्यावर थोड्याच काळात ती भयंकर आजारी पडली. उपचारासाठी तिला एका खेड्यातील वैदूबाईकडे नेले. वाटेत ज्या काकांच्या घरी मुक्काम झाला, त्यांनी तिच्या हाती एक पुस्तक दिले. फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन साधूचे ते पुस्तक मनाला आत वळवण्याच्या प्रार्थनेविषयी होते. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे बी त्या पुस्तकात होते.

वैदूबाईच्या जालीम औषधांनी प्रकृती आणखी ढासळली. १५३९ च्या ऑगस्टमध्ये तिची शुद्ध हरपली ती चार दिवस. मठात खड्डा खणून तयार ठेवला होता. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेणबत्तीचे मेण साकळलेले होते, कारण ती गेली असेच सर्वांनी धरले होते. केवळ वडिलांनी हट्ट धरला म्हणून तिला पुरले नाही. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे ती पांगळी होती. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले.

इथे थोडे थांबून शब्दांचा एक घोटाळा सोडवला पाहिजे, कारण माझा स्वतःचा त्यात फार वेळ गेला. ध्यान या शब्दासाठी इंग्रजीत मेडिटेशन हा शब्द रूढ झाला आहे. परंतु ख्रिस्ती मठांच्या जुन्या परिभाषेत मेडिटेशन म्हणजे मनन. ख्रिस्ताच्या चरित्रातील एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, त्यावर विचार करायचा आणि त्यातून आपल्यासाठी बोध घ्यायचा. यात बुद्धी आणि कल्पना या दोन्ही राबत असतात. त्यापुढची पायरी म्हणजे कॉन्टेम्प्लेशन. तिथे विचार मंदावतो, शब्द गळतात आणि जीव नुसता देवाच्या सान्निध्यात राहतो. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली होती. आपल्याकडच्या श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमाची इथे आठवण होते. म्हणजे आपण ज्याला ध्यान म्हणतो त्याची तुलना करायची तर ती ख्रिस्ती मेडिटेशनशी करून चालत नाही. ती त्या पुढच्या पायरीशी करावी लागते. नाव एक आणि वस्तू वेगळी असल्यामुळे अनेक लेखक इथे फसले आहेत.

आता पुन्हा तेरेसाकडे. आजारातून उठल्यावर ती मठाची लाडकी झाली. त्या मठात दीडशेहून अधिक स्त्रिया होत्या. श्रीमंतांच्या मुलींना स्वतंत्र दालने, गरिबांना सामाईक शयनगृह. दिवाणखान्यात पाहुण्यांची वर्दळ असे आणि तेरेसाचे बोलणे ऐकायला गावातले लोक येत. एकीकडे गप्पांची ओढ, दुसरीकडे देवाची ओढ. या ओढाताणीत तिने एकान्तातील प्रार्थनाच सोडून दिली. कारण मोठे मासलेवाईक होते. आपल्यासारख्या पापिणीने देवाशी एवढी सलगी करणे हा उद्धटपणा आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. वर्षभराहून अधिक काळ हे चालले. आश्चर्य म्हणजे याच काळात ती आपल्या वडिलांना प्रार्थनेचे धडे देत होती. १५४३ च्या अखेरीस वडील वारले. त्यांच्या शेवटच्या आजारात भेटलेल्या एका धर्मगुरूने तिला पुन्हा प्रार्थनेला बसायला लावले. त्यानंतर तिने ती मरेपर्यंत सोडली नाही.

सोडली नाही, पण ती जमली असेही नाही. तेरेसाच्या चरित्रात मला थांबवणारी जागा ही आहे. सुमारे अठरा वर्षे तिची प्रार्थना बहुतांशी कोरडी होती. ठरवलेला तास कधी संपतो याकडे तिचे चित्त असे. घड्याळाचे टोल कानी पडण्याची ती वाट पाही. प्रार्थनेच्या खोलीत पाऊल टाकताना इतका विषाद वाटे की, त्यापेक्षा कुठलीही कठोर शिक्षा तिने पत्करली असती. हाताशी पुस्तक असल्याखेरीज बसण्याचे तिला धैर्य होत नसे. पुस्तक उघडले नाही तरी चाले, पण ते जवळ हवे. सोबत असली म्हणजे अंधारात भीती वाटत नाही, तसे. कल्पनाशक्ती तिला साथ देत नसे. शेत, पाणी, फुले पाहिली की मात्र मन थोडे गोळा होई. जगातील थोर योगिनींमध्ये जिची गणना होते तिची ही स्थिती! हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसून होते. दोन महिन्यांत हात टेकणाऱ्या मला अठरा वर्षे हा आकडा फार काही सांगून गेला.

१५५४ मध्ये, ती एकोणचाळीस वर्षांची असताना, मठात आणून ठेवलेली ख्रिस्ताची एक मूर्ती तिच्या दृष्टीस पडली. जखमांनी भरलेली ती मूर्ती पाहून ती कोसळली आणि आता मला बळ दिल्याशिवाय इथून उठणार नाही, असा तिने हट्ट धरला. त्याच सुमारास संत ऑगस्टीनचे आत्मकथन तिने वाचले. त्यानंतर बांध फुटावा तसे झाले. शांती, तंद्री, दर्शने, हृदयाला भाल्याचा स्पर्श व्हावा तशी गोड वेदना असे अनुभव येऊ लागले. रोमच्या एका चर्चमध्ये बेर्निनीने सतराव्या शतकात घडवलेले तिचे प्रसिद्ध शिल्प या शेवटच्या अनुभवाचे आहे आणि कलेच्या पुस्तकांतून तेच सगळीकडे छापले जाते. त्यामुळे तेरेसा म्हणजे भावसमाधीत डोळे मिटलेली स्त्री, असा समज होतो. ती स्वतः मात्र या अनुभवांनी धास्तावली होती.

तशी धास्ती वाटण्याचे दिवसही होते. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन आपण इतिहासात वाचतो. त्याच जातीचे धर्मन्यायालय स्पेनमध्ये १४७८ पासूनच होते. बाह्य विधींपेक्षा आतील प्रकाशाला मान देणाऱ्यांवर त्याचा डोळा असे आणि अशा लोकांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १५४६ मध्ये कोर्दोबा शहरातील एका नावाजलेल्या मठप्रमुख बाईला ढोंगी ठरवून शिक्षा झाली होती. स्त्रियांनी जपमाळ ओढावी, सूत कातावे. मौनातील प्रार्थना त्यांचे काम नव्हे, असे मोठमोठे पंडित सांगत. १५५९ मध्ये तर लोकभाषेतील कितीतरी धर्मग्रंथांवर बंदी आली. तेरेसाला लॅटिन येत नव्हते. तिच्या हातची पुस्तके गेली. ज्ञान संस्कृतच्या कुलुपात असण्याचे दुःख ज्या भाषेने ज्ञानेश्वरांच्या काळी अनुभवले, त्या मराठीच्या वाचकाला हे दुःख वेगळे समजावून द्यायला नको. आपली प्रार्थना खरी की सैतानाची करणी, हे तपासण्यासाठी धर्मगुरूंनी तिला सगळे लिहून काढायला सांगितले. त्यातून तिचे आत्मचरित्र तयार झाले. म्हणजे जे लिखाण आज अभ्यासाला लावतात ते एका संशयित बाईचे कैफियतपत्र होते.

या आत्मचरित्रात तिने बागेचा दृष्टान्त दिला आहे. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले, त्यामुळे मला तो समजायला टीपेची गरज पडली नाही. जीव ही बाग, साधक हा माळी. बागेला पाणी देण्याचे चार प्रकार. पहिला, विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदणे. यात कष्ट सर्वांत जास्त, पाणी सर्वांत कमी. कधी तर विहीरच कोरडी निघते. हे मनन. दुसरा, रहाट. कष्ट कमी, पाणी अधिक. इथे मन आपोआप निवू लागते. तिसरा, ओढ्याचे पाटाने आलेले पाणी; माळ्याने फक्त वाट करून द्यायची. चौथा, पाऊस. त्यात माळ्याचा हात कुठेच नाही. बाग भिजते आणि माळी नुसता पाहत राहतो.

पाऊस आपल्या हाती नसतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावे लागत नाही. पण पाऊस हाती नाही म्हणून मशागत कुणी सोडत नाही.

दुसरा दृष्टान्त मला अधिकच जवळचा वाटला. आतल्या आत मन ओढून घेण्याच्या अवस्थेला तिने कासवाची उपमा दिली आहे. ही उपमा कुठेतरी वाचल्याचे ती सांगते. आपल्याला तर ती पाठच असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना हेच कासव येते आणि ज्ञानेश्वरीतही येते. दोन खंडांतील, एकमेकांचे नाव न ऐकलेल्या साधकांना एकच प्राणी आठवावा, याचा मला आनंद झाला. परंतु तेरेसा लगेच पुढे जाऊन उपमेतला उणेपणा दाखवते. कासव मनात येईल तेव्हा अवयव आत घेते. ही अवस्था मात्र आपल्या मनात आले म्हणून येत नाही. देवाला द्यायची असते तेव्हा येते. गीतेत भर आहे तो इंद्रिये आवरण्याच्या सामर्थ्यावर. तेरेसाचा भर आहे तो बोलावणे येण्यावर.

माझ्या ट्यूटोरियलच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या एका कासवात मिळाले. पतंजलींच्या योगात यम-नियमांपासून समाधीपर्यंत आठ अंगे आहेत; आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा अशी चढण आहे, आणि अभ्यास व वैराग्य यांच्या बळावर साधक ती चढतो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात शिकवतात त्या पद्धतीत श्वास आणि शरीरावरील संवेदना समभावाने पाहायच्या असतात. तिथे कुणाला उद्देशून काही बोलायचे नसते. तेरेसाच्या प्रार्थनेत आसनाला आणि श्वासाला जवळजवळ स्थान नाही. तिच्या मते प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी एकान्तात वारंवार केलेली मैत्री. पुष्कळ विचार करणे हे तिथे महत्त्वाचे नाही, पुष्कळ प्रेम करणे महत्त्वाचे. एका ठिकाणी शांतता हे साधलेले फळ आहे, दुसऱ्या ठिकाणी शांततेत कुणीतरी आहे. हा फरक पुसून दोन्ही एकच आहेत असे म्हणणे सोपे आहे, आणि सभेत टाळ्याही मिळतात. पण त्यात दोघांचाही अपमान होतो असे मला वाटते.

तरीही ही रेघ युरोप आणि भारत यांच्या मधोमध ओढता येत नाही. पतंजलींनीही ईश्वरप्रणिधान सांगितले आहे. आत्मा ज्याला निवडतो त्यालाच तो लाभतो, हा विचार उपनिषदांत आहे. वारकरी पंथात तर कृपेवाचून पानही हलत नाही. उलट ख्रिस्ती साधकांतही सगळी रूपे, सगळे विचार बाजूला सारून अज्ञेयाच्या अंधारात शिरा, असे सांगणारे होते. तशा पुस्तकांच्या सल्ल्याने तेरेसाने काही काळ ख्रिस्ताचे मानवी रूप मनातून बाजूला ठेवून पाहिले, आणि नंतर ती आपली मोठी चूक झाली असे कळवळून लिहिले. आपण देवदूत नाही, आपल्याला देह आहे, तेव्हा देहधारी देवाचा हात सोडू नये, हे तिचे म्हणणे. आपल्याकडे सगुण-निर्गुणाचा जो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला, तोच हा. त्या वादात तेरेसा विटेवरच्या देवाला कवटाळणाऱ्यांच्या रांगेत बसेल.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने चार मुलींना घेऊन आविलात सान होसे नावाचा छोटा, गरीब मठ स्थापन केला. अमेरिकेत गेलेल्या भावाने पाठवलेले पैसे त्यासाठी कामी आले. गावात मोठा गहजब झाला. नगरपालिकेने खटला भरला. पण मठ टिकला. पुढच्या वीस वर्षांत तिने असे सतरा मठ उभे केले. झाकलेल्या खटाऱ्यांतून, खेचरांच्या पाठीवरून, तापाने फणफणलेल्या अंगाने ती सारे कास्तील आणि आंदालुसिया हिंडली. घरांची खरेदी, कर्ज, गवंडी, वकील, बिशप यांच्याशी तिचा पत्रव्यवहार वाचला की ही समाधीत बुडालेली बाई आहे हे खरे वाटत नाही. १५६७ मध्ये मेदिना देल काम्पो येथे तिला पंचवीस वर्षांचा एक बुटका तरुण साधू भेटला. तिने त्याला आपल्या कार्यात ओढले. तोच पुढे संत योहान, स्पॅनिश भाषेतील थोर कवी.

मठप्रमुख म्हणून तिची दृष्टी किती व्यवहारी होती याचे एक उदाहरण देते. एक जोगीण तासन्‌तास, एकदा तर आठ तास, तंद्रीत पडून राही आणि सर्वांना वाटे की तिला समाधी लागली. तेरेसाचे निदान वेगळे होते. उपास आणि जागरणे यांनी हा अशक्तपणा आला आहे. तिला जेवू घाला, झोपू द्या, कामाला लावा. तसे केल्यावर ती तंद्री नाहीशी झाली. ध्यान लागणे या शब्दाभोवती आपण जे वलय उभे करतो, त्याला ही फार चांगली उतरण आहे. आज्ञेने स्वयंपाकघरात जावे लागले तर खंत करू नका, तिथल्या भांड्याकुंड्यांतही देव वावरतो, असे ती मुलींना समजावी. दळणकांडणात देवाला हात लावायला बोलावणाऱ्या जनाबाईचा देश हे सहज ओळखेल.

१५७५ नंतर वादळ उठले. जुन्या कार्मेल संघाने नव्या मठांविरुद्ध कंबर कसली. सेव्हिलमध्ये तिच्याविरुद्ध इन्क्विझिशनकडे तक्रारी गेल्या. तिच्या आत्मचरित्राची प्रत त्या न्यायालयाच्या ताब्यात होती. नवे मठ स्थापू नयेत आणि एका जागी राहावे, असा हुकूम निघाला. अशा वेळी, आपले पुस्तक परत मिळण्याची आशा नसताना, बासष्ट वर्षांच्या तेरेसाने दुसरे लिहायला घेतले. २ जून १५७७ रोजी तोलेदोमध्ये सुरू केलेले हे पुस्तक मध्ये कित्येक महिने पडून राहिले आणि २९ नोव्हेंबरला आविलात संपले. जीव हा स्फटिकाचा गड, त्याला सात महाल आणि सर्वांत आतल्या महालात राजा. दार एकच, ते म्हणजे प्रार्थना. पुस्तक संपून तीन-चार दिवस झाले नाहीत तोच योहानला विरोधकांनी पळवून तोलेदोच्या मठात कोंडले. नऊ महिने त्याने एका अंधाऱ्या कोठडीत काढले आणि मग तो निसटला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री तेरेसा जिन्यावरून पडली आणि तिचा डावा हात मोडला. तो पुन्हा धड झाला नाही.

सातव्या महालात काय आहे, हे पाहायला मी उत्सुक होते. मला वाटले, तिथे डोळे दिपवणारे काही असेल. तिथे तिने सांगितले आहे ते काम. देवाशी एकरूप झालेल्या जिवाची दर्शने आणि तंद्री उलट कमी होतात आणि माणसांसाठी राबण्याची ताकद वाढते. शुभवर्तमानात मार्था ही घरकामात गुंतलेली बहीण आणि मरिया ही ख्रिस्ताच्या पायाशी बसलेली. सातव्या महालात या दोघी बहिणी एकत्र नांदतात. प्रार्थना खरी की खोटी, याची तिची कसोटी एकच आहे: उठल्यावर तू शेजारच्या माणसाशी कशी वागतेस?

१५८० मध्ये रोमहून आज्ञा आली आणि तिच्या मठांना वेगळे अस्तित्व मिळाले. १५८२ मध्ये बुर्गोस येथे शेवटचा मठ स्थापून परतताना तिला आविलाला जायचे होते. पण एका सरदारघराण्यातील बाळंतपणासाठी तिला आल्बा दे तोर्मेस येथे जाण्याची आज्ञा झाली. आजारी अवस्थेत ती गेली आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री तिथेच वारली. त्याच रात्री नवे ग्रेगरी पंचांग लागू झाले आणि दुसऱ्या दिवशी तारीख होती १५ ऑक्टोबर. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. त्याच दिवशी ते मिळालेल्यांत जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये ज्यांचे शव ठेवले आहे ते फ्रान्सिस झेव्हियरही होते. ज्या धर्मसंस्थेने तिला संशयाने पाहिले तिनेच १९७० मध्ये तिला धर्माचार्य ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

ट्यूटोरियल वाचून झाल्यावर सरांनी विचारले की ध्यान आणि ही प्रार्थना यांत श्रेष्ठ कोणते. मला उत्तर देता आले नाही आणि आजही येत नाही. दोहोंची वाट वेगळी आहे, पण सुरुवातीचा घाम एकच आणि शेवटची परीक्षाही एकच, एवढेच मी म्हणाले.

त्या सुट्टीत गावी गेले. संध्याकाळी आजी नेहमीप्रमाणे माळ घेऊन बसली होती. मुलगा गेला तेव्हाही तिची माळ सुटली नव्हती, आणि त्याचा मला त्या वेळी रागच आला होता. इतक्या दुःखात हिचे मन नामावर राहते तरी कसे, असे वाटे. या खेपेला मी तिला तसे विचारले. ती म्हणाली की मन कुठले राहते? ते गोठ्यात जाते, रानात जाते, अण्णाकडे तर रोजच जाते. पण म्हणून माळ खाली ठेवायची नसते.

आविलाच्या तेरेसाचे नाव आजीने कधी ऐकलेले नाही. आमच्या विहिरीवर आता मोटर आहे. रहाटाचे दोन खांब तेवढे उभे आहेत. मी पुन्हा सकाळी बसू लागले आहे. पुस्तक जवळ असते. घड्याळाकडे माझे लक्ष अजूनही जाते.